माजूर आणि मौज

उर्दूत अपंग व्यक्तीसाठी जो सभ्य शब्द आहे तो 'माजूर'. सातवीच्या वर्गात हा शब्द आला की मुले 'मजबूर' आणि 'माजूर' यांची हमखास गल्लत करतात. मग फळ्यावर मीम, ऐन, जाल, वाव, रे अशी अक्षरे सुटी करून दाखवावी लागतात आणि सांगावे लागते की, हा शब्द 'उज्र'पासून आला आहे. उज्र म्हणजे सबब. ज्याची सबब मान्य झाली तो माजूर. म्हणजे या शब्दाचा हातापायांशी, डोळ्यांशी मुळात काहीच संबंध नाही. तापाने फणफणलेला माणूसदेखील त्या दिवसापुरता माजूरच. मराठीतला 'अपंग' सरळ अवयवाकडे बोट दाखवतो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रूढही झाला. पण ज्याच्या पायांत बळ नाही त्याला त्या पायांत दिव्य काय सापडावे, हे मला आजवर कळलेले नाही. या तिन्हींत 'माजूर' मला अधिक सुसंस्कृत वाटत आला आहे. त्यात कीव नाही आणि गौरवही नाही. एक साधा व्यवहार आहे : तुझ्यावर जे बंधन होते, त्यातून तुला सूट आहे.

पण सूट कशातून? मेख इथेच आहे. उभे राहून नमाज पढता येत नसेल तर बसून पढावी, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या पढावी. रोजा झेपत नसेल तर त्यालाही वाट आहे. ही सूट कर्तव्यातली आहे. ओझे उचलवत नाही त्याच्या डोक्यावरून ओझे उतरवणे, एवढाच तिचा अर्थ. आपण मात्र ती सूट पसरवत पसरवत कुठवर नेली आहे ते पाहा. माजूर मुलीला शाळेतून सूट, लग्नाच्या वरातीतून सूट, मोहल्ल्यातल्या हळदी-मेंदीतून सूट, ईदच्या दिवशी घरोघर जाऊन शीरखुर्मा पिण्यातून सूट आणि सहलीतून तर हमखास सूट. कर्तव्यातली माफी आपण मौजेलाही लावून टाकली, तीही समोरच्याने मागितलेली नसताना. आणि हे करताना आपण दुष्टपणे वागतो असे कुणालाच वाटत नाही. उलट आपण दया केली, त्रास वाचवला, असेच वाटते. हा दयाळूपणा आहे की दुसऱ्याच्या वाट्याची वस्तू परस्पर उचलणे आहे, हा मला प्रश्न आहे.

हा प्रश्न मला कुठल्या ग्रंथात भेटला नाही. तो मनोरंजन उद्यानात, म्हणजे ज्याला आता सगळे थीम पार्क म्हणतात तिथे, घरच्या बारा माणसांच्या घोळक्यात भेटला.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही आपा म्हणतो, दीड वर्षाची असताना पोलिओने दोन्ही पायांनी गेली. या देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. माझ्या वर्गातल्या मुलांना पोलिओ म्हणजे दोन थेंब एवढेच ठाऊक आहे. आपा त्याआधीच्या पिढीची. तिने पस्तिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर दिवस काढले. पुढे खांदे गेले. पायांचे काम आयुष्यभर खांद्यांनी केले की ते लवकर झिजतात. तेव्हापासून व्हीलचेअर. तिचे लेडीज टेलरिंगचे दुकान आहे, तीन मशिनी आहेत, हाताखाली दोन मुली आहेत. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तिची भिशी लागली आणि तिने जाहीर केले की, या वर्षी सगळ्या मुलांना तीच पार्कला नेणार.

मामू म्हणाले, "पैसे तुझे, पण पोरांना आम्ही नेऊन आणतो. तू कशाला दगदग करून घेतेस? तिथं तू काय करणार?"

(आमच्या घरात दखनी चालते. इथे मराठीत सांगते.)

हे मामू कसे आहेत तेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकाचा गैरसमज होईल. आपाला चौथीपर्यंत रोज सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडणारे आणि शाळेच्या पायऱ्या तिला पाठीवर घेऊन चढणारे तेच मामू. ते नसते तर आपा शिकली नसती. म्हणून तर मला हा प्रश्न अवघड वाटतो. वाईट माणसाने वगळले तर भांडता येते. ज्याने पाठीवर घेतले त्यानेच 'तू कशाला येतेस' म्हटले तर कुणाशी भांडायचे? आपा भांडली नाही. तिने फक्त विचारले, "अम्मी तिथं काय करणार आहे?" अम्मी सत्तरीची, ती कुठल्याच झोक्यात बसणार नव्हती. पण ती काय करणार, असे तिला कुणी विचारले नव्हते. मामू हसले. आणि मग आम्ही आपासकट बाराजण गेलो.

तिथे जे दिसले त्यातले थोडे सांगते. पार्कचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही पार्कात गेलो असतो तरी फारसे वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. मुख्य दाराशी उतार होता, छान फरशीचा. व्हीलचेअरचे चित्र लावलेले स्वच्छतागृहही होते; त्याला कुलूप होते. किल्ली असलेला माणूस वीस मिनिटांनी आला आणि दार उघडले तर आत झाडू आणि बादल्या. घरातल्या बायकांना ही वीस मिनिटे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. आपा प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पिते, हे मला त्या दिवशी कळले.

तिकीट पूर्ण पडले. खिडकीवरच्या मुलाने अदबीने सांगितले की, मॅडमना बऱ्याचशा राईडमध्ये बसता येणार नाही. भाईजान म्हणाले, मग सूट द्या. आपाने त्यांना थांबवले. तिने मुलाला विचारले, "कशाकशात बसता येईल, त्याची यादी आहे?" यादी नव्हती. "त्या त्या राईडवरचा माणूस सांगेल," असे उत्तर मिळाले. मला वाटते, त्या दिवसाची खरी गोष्ट या एका उत्तरात आहे. तिकिटातली सूट द्यायला ते कदाचित तयार झाले असते. यादी द्यायला तयार नव्हते, कारण ती कुणी केलेलीच नव्हती. सूट देणे सोपे असते, तिच्यासाठी विचार करावा लागत नाही.

मग तेच झाले. सकाळी आकाशपाळण्यावरच्या माणसाने 'रूल नाही' म्हणून परत पाठवले. रूल कुठे लिहिला आहे हे त्यालाही सांगता येईना. जेवणानंतर तिथे दुसरा माणूस आला होता. त्याने पाळणा थांबवला, खुर्ची लावून घेतली आणि "या ताई" म्हणाला. आपा बसली, वर गेली, वरून तिने दुपट्टा हलवला. मुले खाली नाचली. सगळ्यांना त्या दुसऱ्या माणसाचे कौतुक. मलाही होते. पण जो नियम माणूस बदलला की बदलतो तो नियम नसतो, मर्जी असते. आणि मर्जीवर चढलेल्या माणसाला वर गेल्यावरही खालच्या माणसाचे उपकार मोजत बसावे लागते.

उचलण्याचा प्रसंगही तसाच. एका बोटीच्या राईडला तीन पायऱ्या उतरून जायचे होते. आम्ही काही बोलायच्या आत दोन कर्मचारी मागून आले आणि त्यांनी खुर्चीसकट आपाला उचलले. मनात वाईट काहीच नव्हते. तरणीताठी, कामसू पोरे होती. पण आपा खाली टेकल्यावर एवढेच बोलली, "ना पूछे, ना बोले, उठा लिये!" परक्या पुरुषाचा हात लागू नये म्हणून जन्मभर दुपट्टा सावरणारी बाई, दुकानात गिऱ्हाइकाच्या नवऱ्याला बाहेर थांबवणारी बाई, तिच्या बाबतीत हा सगळा अदब एका क्षणात माफ होतो. कारण ती माजूर! इथे सूट दिली गेली ती तिच्या पडद्यातून, तिच्या अंगावरच्या तिच्या हक्कातून. हेच दोन हात आधी थांबले असते, 'ताई, कुठून धरू?' एवढे विचारले असते, तर तीच मदत मदत राहिली असती. व्हीलचेअरवर बसणारे लोक सांगतात की खुर्ची हे सामान नव्हे, ते आमचे शरीरच समजा. हे एकदा लक्षात घेतले की बाकीचे आपोआप कळते. मागून येऊन कुणाच्या खांद्याला धरून आपण त्याला ढकलत नेत नाही.

सर्वात जास्त विचार करायला लावले ते सामानाने. मोठ्या रोलर कोस्टरला मुले, भाईजान, भाभी, मी, अगदी मुमानीसुद्धा गेलो. तिथे आपाला बसता येणार नव्हते, हे तिलाही मान्य होते. आम्ही परत आलो तेव्हा तिच्या मांडीवर चार पर्स, सहा मोबाईल, दोन चष्मे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांच्या चपला होत्या. हे कुणी ठरवून केले नव्हते. जाता जाता प्रत्येकाने आपापले ठेवले होते. ती खुंटी झाली होती. आता यात अन्याय आहे का? अम्मीच्या शेजारीही पिशव्या होत्याच. घरात कुणीतरी सामान सांभाळतेच. फरक मला असा दिसतो की, अम्मीने 'मी नाही बाई येणार' म्हटले होते. आपाला काही म्हणायची वेळच आली नव्हती. नको म्हणणारा आणि न विचारला गेलेला, दोघे एकाच बाकावर बसलेले असतात आणि लांबून सारखेच दिसतात.

म्हणून काय बाकीच्यांनी कोस्टरमध्ये बसू नये? असे म्हणणारे मला पटत नाहीत. घरातल्या एकाला मधुमेह आहे म्हणून ईदला कुणाच्याच ताटात गोड वाढायचे नाही, असे आपण करत नाही, आणि मधुमेह असलेल्यालाही ते आवडणार नाही. सगळ्यांची मौज एकसारखी असलीच पाहिजे, ही मागणीच नाही. दिवसाच्या आखणीत तिची मौज कुणाच्या तरी डोक्यात होती का, एवढाच प्रश्न आहे. पार्कात गेल्यावर मुले नकाशा उघडून आधी कोस्टर शोधतात. आमच्या भाचीने, ती नववीत आहे, दुपारनंतर नकाशा खालून वर वाचायला घेतला : खाला कुठे बसू शकतात ते आधी आणि मधल्या वेळात आपले. त्यामुळे मुलांच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. रांगा लहान असलेल्या राईड निघाल्या, इतकेच.

रांगेचा प्रश्न मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे आणि त्यात आपणही शुद्ध नाही. एका राईडला कर्मचाऱ्याने आम्हाला बाजूच्या दारातून, म्हणजे उतरणाऱ्यांच्या दारातून आत घेतले, कारण रांगेच्या लोखंडी कठड्यांत खुर्ची वळत नव्हती. तासाभराची रांग बाजूला राहिली आणि आम्ही बाराजण पाच मिनिटांत आत. मुलांना हे रहस्य कळायला वेळ लागला नाही. पुढच्या राईडपासून "खाला, तुम्ही आमच्याबरोबर चला ना" अशी ओढाओढ सुरू झाली. प्रेम होते, पण त्यात हिशेबही शिरला होता. माझी आपा चालता-बोलता पास झाली होती. आणि त्या कठड्यांमागे उन्हात, कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. त्यांचे बघणे चुकीचे होते असे मला म्हणवत नाही.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. अमेरिकेत डिस्नीच्या उद्यानांत, ज्यातले पहिले कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले, अपंग पाहुण्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वेगळ्या वाटेने आत नेण्याची सोय पुष्कळ वर्षे होती. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने बातमी दिली की, मॅनहॅटनमधल्या काही श्रीमंत आया तासाला १३० डॉलर मोजून अपंग 'मार्गदर्शक' भाड्याने घेतात, त्यांना घरचे माणूस म्हणून बरोबर नेतात आणि आपल्या मुलांची रांग चुकवतात. गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नीने जुने कार्ड बंद करून नवी पद्धत आणली. ज्याला रांगेत थांबणे शक्य नाही त्याला परतण्याची वेळ दिली जाते. रांग तासाभराची असेल तर तासाभराने या. तोवर सावलीत बसा, जेवा, औषध घ्या. थांबायचे सर्वांइतकेच, फक्त उभे राहायचे नाही. ज्याला केवळ व्हीलचेअर लागते त्याच्यासाठी तर बहुतेक ठिकाणी रांगच रुंद केलेली आहे. त्याने इतरांबरोबर त्याच रांगेतून जावे. २०२४ साली हे नियम आणखी आवळले गेले, ही सोय मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा प्रकारच्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांपुरती उरली आणि त्यावरून तिथल्या अपंगांत बरीच नाराजीही झाली. काहींच्या फसवणुकीची किंमत सगळ्यांनी चुकवावी का, हा वाद तिथे संपलेला नाही.

पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रुंद रांग असेल तर व्हीलचेअरवरच्या माणसाला पुढे जाण्याची गरजच नसते. तो तर बसलेलाच आहे, पाय दुखतात ते उभ्यांचे. म्हणजे बाजूच्या दाराची मेहरबानी ही बहुतेक वेळा अरुंद कठड्याची भरपाई असते. आपण कठडा तसाच ठेवतो आणि वर मेहरबानीचे श्रेय घेतो. पुढे ज्यांना ते दिसते त्यांना वाटते, या लोकांची काय मजा आहे!

आपाने त्या दिवशी काय केले ते सांगण्याजोगे आहे. तिला डिस्नीची काही माहिती नव्हती. तिसऱ्या राईडला तिने मुलांना सांगितले, "तुम्ही रांगेत उभे राहा. तुमचा नंबर जवळ आला की मला फोन करा, मी त्या दारानं येते. माझ्याबरोबर एकच जण." मुलांनी तोंडे वाकडी केली, पण ती रांगेत उभी राहिली. आपा अम्मीजवळ बसून चहा प्यायली. शिकल्या-सवरलेल्या कंपनीने जो तोडगा काढला तोच एका शिवणकाम करणाऱ्या बाईने काढला, कारण दोघांपुढे एकच प्रश्न होता : माझी अडचण खरी आहे, पण तिच्या आडून मी दुसऱ्याचा वेळ घ्यावा का? आपल्याकडे हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यांची फार चर्चा होते. त्या उन्हातल्या बाईचा वेळ हाही तिचा हक्कच होता. माजूर माणसालाही दुसऱ्याचे देणे असते. ते त्याने द्यावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला पूर्ण माणूस समजणे होय. मुलांना हे त्या वेळी पटले असेल असे मला वाटत नाही. रांग मात्र त्यांनी धरली.

आता दुसरी बाजू. पार्कवाले 'नाही' म्हणतात ते दरवेळी आकसाने नव्हे. जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरिअन लेक या उद्यानात इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक रोलर कोस्टरमधून फेकला जाऊन मरण पावला. त्या राईडच्या नियमात दोन्ही पाय असणे आवश्यक होते, कारण बसणाऱ्याला जखडून ठेवणारा दांडा मांड्यांवर आणि पायांवर टेकतो. चालवणाऱ्यांनी नियम बाजूला ठेवून त्याला बसू दिले. त्यांनीही चांगुलपणानेच दिले असणार. ज्याने देशासाठी पाय दिले त्याला एका झोक्याला कोण नाही म्हणेल? पण इथे 'नाही' म्हणणे हीच त्याची कदर होती. दुसरे उदाहरण २००९ चे, डिस्नीलँडमधले. लहान मुलांच्या गाण्याची, संथ बोटीची एक राईड आहे, तिच्यात व्हीलचेअरसकट बसता येते. ती मध्येच बंद पडली. बाकीच्यांना उतरवून नेले. हातापायांत बळ नसलेला एक गृहस्थ अर्धा तास बोटीतच राहिला, वर ते गाणे चालूच. त्याने दावा लावला आणि २०१३ साली न्यायालयाने त्याला ८,००० डॉलर देवविले. आत कसे घ्यायचे एवढाच विचार झाला होता. अडले तर बाहेर कसे काढायचे, हा विचार अपुरा राहिला होता.

म्हणजे चांगुलपणाने चढवणेही धोक्याचे आणि काळजीने अडवणेही अन्यायाचे. मग मधली वाट कोणती? मला वाटते ती कागदावरच असू शकते, मनात नव्हे. अमेरिकेतल्या २०१० च्या मानकांप्रमाणे बहुतेक नव्या राईडमध्ये व्हीलचेअरसाठी निदान एक जागा, किंवा खुर्चीवरून सरकून बसता येईल असे एक आसन, किंवा तसे सरकवणारे एखादे साधन असावेच लागते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे गॉर्डन हार्टमन या गृहस्थाने आपल्या मॉर्गन नावाच्या मुलीसाठी २०१० साली 'मॉर्गन्स वंडरलँड' हे उद्यानच काढले. तिथल्या झोक्यांवर आणि फिरत्या चक्रावर व्हीलचेअर तशीच चढते, अपंगांना प्रवेश मोफत आहे. पण ते अपंगांपुरते नाही, सगळ्यांसाठी आहे. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचे उद्यान झाले, त्यात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी चालतील अशा खुर्च्या मिळतात. मूळ प्रसंग एवढाच होता की, सुट्टीत पोहण्याच्या तलावात मॉर्गन दुसऱ्या मुलांशी खेळायला गेली आणि ती मुले निघून गेली. बापाला पैसा होता, त्याने उद्यान बांधले. सगळ्या बापांना ते शक्य नाही, म्हणून कायदा लागतो.

आपल्याकडे कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात नोकरी-शिक्षणाबरोबर एक कलम, एकोणतिसावे, संस्कृती आणि मनोरंजनाचे आहे. म्हणजे मौज हीसुद्धा कायद्याने हक्काच्या यादीत घातली आहे. इतकी वर्षे अडचण अशी की, प्रवेशसुलभतेचे निकष नुसते मार्गदर्शक म्हणून पडून होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितले की हे चालणार नाही, बंधनकारक नियम करा. निकाल वाचताना मला पार्कातल्या त्या तीन पायऱ्या आठवत होत्या.

कारण आपल्या लोकांना या पायऱ्या दिसत नाहीत. आपल्याला सब्र दिसतो. आपाला पाहून प्रत्येक जण म्हणतो, "किती सब्र आहे हिला, माशाल्लाह!" सब्र मोठी गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पोलिओ हा तिचा मुकद्दर होता असे ती स्वतःही म्हणते. पण त्या तीन पायऱ्या मुकद्दराने बांधल्या नव्हत्या, गवंड्याने बांधल्या होत्या आणि नकाशा कुणीतरी मंजूर केला होता. जे वरून आले त्यावर सब्र करावा. जे खालून बांधले त्यावरही सब्र करायला सांगणे म्हणजे ठेकेदाराचे काम अल्लाहच्या नावावर टाकणे आहे.

या संदर्भात मला हजरत अम्र बिन जमूह यांची हकिकत नेहमी आठवते. ते पायाने लंगडे होते. उहुदच्या वेळी त्यांच्या मुलांनी त्यांना अडवले : तुम्हाला सूट आहे, आम्ही जातो, तुम्ही घरी थांबा. मुलांच्या प्रेमात खोट नव्हती. ते वडील तक्रार घेऊन पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी त्यांना सांगितले की, अल्लाहने तुम्हाला माजूर ठरवले आहे, तुमच्यावर हे बंधन नाही. आणि मग मुलांकडे वळून म्हणाले की, त्यांना अडवू नका. आपल्या वाजांमध्ये ही हकिकत शहादतीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. ते त्या लढाईत शहीद झाले. पण मला तिच्यातला तो एक क्षण महत्त्वाचा वाटतो, जिथे एकाच प्रश्नाला दोन तोंडांकडे पाहून दोन उत्तरे दिली गेली. ज्याला सूट आहे त्याला सांगितले, तुला सूट आहे. आणि ज्यांनी ती सूट त्याच्यावर लादली त्यांना सांगितले, तो तुमचा अधिकार नाही. सूट माजूर माणसाच्या खिशात असते. ती कधी काढायची ते त्याने ठरवायचे.

हे मी घरापुरते लिहीत नाही. आमच्या शाळेची सहल दर जानेवारीत जाते. सहावीत एक मुलगा आहे, त्याच्या स्नायूंचा आजार आहे, गेल्या वर्षीपासून व्हीलचेअरवर आहे. सहलीच्या संमतिपत्रावर त्याच्या अम्मीने 'नाही' लिहून पाठवले, आम्ही विचारायच्या आधीच. मी तिला बोलावून घेतले. ती म्हणाली, "बाई, उगाच सगळ्यांना त्रास." मी मुलाला विचारले. तो अम्मीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, आकाशपाळणा असेल तर यायचं आहे.

मुख्याध्यापकांचे म्हणणे रास्त होते : जबाबदारी कोण घेणार, बसमध्ये कसा चढवणार, बरोबर कोण असणार? हे प्रश्न आम्ही कागदावर लिहून काढले. बस चढवण्याचे उत्तर मिळाले, एका पालकाच्या टेम्पोची फळी आहे. बरोबर त्याचे मामा येणार आहेत. या वेळी पार्क दुसरे आहे. मी त्यांच्या कार्यालयात फोन करून विचारले की, व्हीलचेअरवरच्या मुलाला कुठल्या राईडमध्ये बसता येईल, चढायला-उतरायला काय सोय आहे, बंद पडली तर काय करता आणि स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते. पलीकडची मुलगी आधी गप्प झाली. मग म्हणाली, असे कुणी विचारत नाही मॅडम, लिहून पाठवा. मी लिहून पाठवले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे, सहलीला तीन आठवडे आहेत आणि संमतिपत्रावरचे 'नाही' त्या मुलाच्या अम्मीने अजून खोडलेले नाही.